शेवटची पायरी

ग्रानाडाहून आणलेले दोनशे चौदा फोटो
मी ओट्यावर आप्पांच्या हातात दिले.
फोनच्या काचेला गेलेला तडा
प्रत्येक मनोऱ्याला आडवा जात होता.
माय शेंगा फोडत होती. झुलाल बापू खांबाला टेकून म्हणाले,
"इस्पेन म्हंजे दुबईना पलीकडे ना?"

कंपनीनं पाठवलं होतं ठिबकच्या नळ्यांसाठी,
एकोणीस दिवस. त्यातला एक रविवार माझा.
साडेआठचं तिकीट, उशीर झाला तर दार बंद.
पुढे पिवळी छत्री धरलेली बाई,
मागे आम्ही तीस जण, कानात यंत्रं,
माना वर.

हा अल्हाम्ब्रा. हे छत बघा, मधाच्या पोळ्यासारखं.
माय म्हणाली, "देव कोनता?"
देव नाही माय, राजवाडा. आधी एकाचा, मग दुसऱ्याचा.
"मंग ठीक शे," आणि तिनं पुढची शेंग घेतली.

हे मोठं चर्च, शेजारी राजाराणी निजलेत.
ही पांढरी गल्ली, इथं मी वाट चुकले,
आणि एक पाववाला पीठभरल्या हातानं
चौकापर्यंत दाखवत आला, सगळा वेळ बोलत,
मला एक अक्षर कळलं नाही.
हे फरशीवर कोरलेलं डाळिंब. शहराचं नावच डाळिंब.
आप्पा पहिल्यांदा बोलले:
"भगवा का मृदुला?"

मग तो जिना आला.
दोन्ही कठडे पन्हाळीसारखे, त्यांतून पाणी.
हात ठेवला की बोटांवरून वाहतं.
सगळ्यांनी बोटं भिजवून फोटो काढले. मीही.
आप्पांनी फोन डोळ्यांजवळ घेतला, मग लांब धरला.
"पानी कोठून येस?"
वरून. नदीला बांध आहे, तिथून पाट. सातेकशे वर्षांचा.
"कोन सोडस?"
माहीत नाही.
"शेवटली पायरी उतरी की कोना वावरमा जास?"
नाही माहीत, आप्पा.
"तू इचारं नही?"

एकतीस वर्षं हा माणूस पांझरेच्या बंधाऱ्यावर पाटकरी होता.
चार फड, ठरलेल्या पाळ्या, हातात कंदील.
पाणी उसात शिरलं की बांधावरून फुटलं
हे अंधारात नुसत्या आवाजावरून सांगायचा.
पाटाचं तोंड कुणीही उघडतं, म्हणायचा,
शेपटाला पाणी पोचलं की मग जेवायचं.
आणि मी त्याची मुलगी, पाण्याचीच पदवीधर,
सव्वीसशे रुपयांचं तिकीट काढून
पाण्याला त्याचा पत्ता न विचारता परत आले.

दुसऱ्या सकाळी ते मला बंधाऱ्यावर घेऊन गेले,
जिथे मी पोहायला शिकले, जिथे माझी एक चप्पल अजून असेल.
पुढे ते, हातात काळी छत्री. ऊन नव्हतं.
"हाऊ सांडवा. हाई मोरी.
आठे तुना आजोबा घसरनात, दात पडना."
मी फोटो काढले.
त्यांनी थांबून, टोपी सारखी करून, काढू दिले.
घडीव दगडावर शेवाळ, एक बगळा,
आणि पाटात पाणी, पोटरीभर,
कुणाच्यातरी पाळीचं, घाईत.

"ते सिंह दखाड."
अंगणातले बारा सिंह, पाठीवर दगडी परात,
प्रत्येकाच्या तोंडातून धार.
वीस सेकंदांचा व्हिडिओ त्यांनी तीनदा बघितला
आणि नखानं काच टोकरली.
"हाऊ पाचवा कमी टाकस."
मी मोठं करून पाहिलं. खरंच.
बाकीच्यांची धार कमानीसारखी,
याची हनुवटीवरून ओघळत होती.
सगळा दिवस सगळं जग त्याच्यासमोर उभं राहून हसत होतं.

"काडी अडकनी व्हई," आप्पा म्हणाले,
आणि फोन परत देऊन पाटाच्या कडेनं चालायला लागले.
मग वळले.
"पुढला खेपले जाशी तं
खिसामा एक काडी लई जाजो."