अकरावं कार्ड

तिसरं वर्ष. गेल्या खेपेला प्रतीक्षा यादीत मी चौथी होते,
म्हणजे वरच्यांपैकी कुणी आजारी पडलं असतं,
कुणाचं लग्न ठरलं असतं न्यूझीलंडला,
तर कदाचित माझा नंबर.
सगळा उन्हाळा मी अनोळखी माणसांच्या आयुष्यात
काहीतरी घडायची वाट पाहत काढला.
हे मुलाखतीत सांगायचं नाही.

बाबा समोर, चष्मा नाकाच्या शेंड्यावर.
हातात माझी कार्डं, कॉर्नफ्लेक्सच्या खोक्यांची कापलेली,
न्यूलिनच्या धक्क्यावर छत्तीस वर्षं बर्फ फोडलेली बोटं
एकेक कार्ड असं उचलतात
की माशातला काटा काढतायत.
मधे अंडी उकडायचं घड्याळ, कोंबडीच्या आकाराचं.
मान पिळली की पाच मिनिटं कुरकुरतं.
तेवढ्यात मी बोलायचं.

"मानसशास्त्रीय मांडणी म्हणजे काय, उदाहरणासह."
मी सांगते: जुनी कारणं, आत्ताची ठिणगी,
आग पेटती ठेवणारं सरपण,
आणि एवढ्यातही माणसाला तगवून धरणारं काही.
"छान," बाबा म्हणतात. "पण हा माणूस कोण?"
उदाहरण आहे, बाबा.
"हो, पण नाव काय त्याचं?"
नाव सांगायचं नसतं.
ते कार्डाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने एक टिंब देतात.

ट्रुरोच्या स्मृती दवाखान्यात मी सहायक.
म्हाताऱ्यांना घड्याळ काढायला सांगते, अकरा वाजून दहा मिनिटं.
परवा एका बाईंनी काटेच काढले नाहीत,
नुसता गोल, आणि वर मलाच विचारलं,
"तुला कुठे जायची घाई आहे का गं?"
याचं कार्ड होईल का, मी बसमध्ये विचार करत होते.
हल्ली सगळ्याचंच कार्ड होतं.
कुणी रडलं तरी आतला एक कारकून उठून
शिक्का शोधू लागतो.

अकरावं.
"समोरच्याचं दुःख असह्य झालं, असा प्रसंग सांगा.
तुम्ही काय केलंत? काय शिकलात?"
मी श्वास घेते, कोंबडीकडे हात नेते.
बाबांनी कार्ड पालथं ठेवलंय.
"जोरी," ते म्हणतात.

सहा वर्षांत हे नाव या स्वयंपाकघरात
भांड्यांच्या आवाजाखालून काय गेलं असेल तेवढंच.

"त्या सकाळी मी ओरडलो त्याच्यावर. बुटांवरून.
दारातच काढले होते, मी अडखळलो.
म्हणाला, उचलतो.
मी म्हणालो, तू काय उचलणार."
चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला नाही.
"शिकलो काय, ते नाही ठाऊक.
बूट शेडमध्ये आहेत अजून."

मला एकही सिद्धांत आठवला नाही.
पुढे झुकावं की मागे टेकावं,
हात धरला तर तो कुणाच्या सोयीसाठी,
यावर मी एकदा निबंध लिहिलाय. गुण चांगले पडले होते.
फ्रिज घुमत होता. बंदरात कुणीतरी
इंजिन सुरू केलं आणि बंद केलं.
किती वेळ, सांगता येणार नाही,
कोंबडीची मान कुणी पिळलीच नव्हती.

मग त्यांनी विचारलं, "वेळ संपली का?"
मी म्हणाले, नाही.

सोमवारी एक्सेटर. तिघं जण असतील, पाण्याचा जग असेल,
आणि हाच प्रश्न, शब्द थोडे फिरवून.
माझ्यापाशी आता असं उत्तर आहे
की तिघांची पेनं थांबतील.
मी बिनकाट्यांच्या घड्याळाचं सांगेन.
अडखळेन मधेच. पाचवी आले तर पाचवी.

सकाळी गठ्ठ्यात अकरावं कार्ड नव्हतं.
त्याजागी एक नवं, वाकडंतिकडं कापलेलं,
खोकं रिकामं व्हायचीही वाट न बघता.
बाबांचं अक्षर:
"गाडी किती वाजताची? अंडं घट्ट की मऊ?"

मी खाली लिहिलं: सहा चाळीस.
दुसऱ्या प्रश्नाला जरा वेळ घेतला.