रद्द चलानाच्या पाठीवर

एकचा भोंगा होतो.
पंधरा मिनिटांत डबा संपवायचा,
उरलेला अर्धा तास माझा.
अंबडच्या आमच्या कारखान्यामागे
जुनी दगडखाण आहे, पाण्याने भरलेली.
तिला तळं म्हणणारी मी एकटीच.
बाकीचे म्हणतात, खड्डा.

कुंपणाच्या जाळीला एका जागी भोक आहे.
कुणी पाडलं, कुणी विचारत नाही.
ओढणी सावरून वाकायचं,
घाणेरीची फांदी बाजूला धरायची,
की पांडवलेण्यांचा डोंगर दिसतो
उलटा, पायाशी,
आणि त्याच्या माथ्यावरून चालत जातो शेकाट्या
लाल काड्यांच्या पायांनी,
डोंगर जरासा थरथरतो, मग पुन्हा डोंगर.

मी डिस्पॅचला. वेगळी वही नेत नाही.
रद्द झालेल्या चलानांच्या पाठीवर लिहिते,
हाताला जी सवय आहे त्याच सवयीने:
हळदीकुंकू बदक, २ नग.
ढोकरी, ५ नग.
खंड्या, १ नग, विजेच्या तारेवर.
टिबुकली, ७ नग.
शेरा: पाण्यावर तेलाचा तवंग, पूर्व कोपरा.
शेरा: मुंगूस आलं, बघितलं, कामाला गेलं.

फोर्कलिफ्टवाला मोइनुद्दीन कधीकधी सोबत येतो.
पक्ष्यांतलं आपल्याला काही कळत नाही, म्हणतो,
पण विरोळा कुठल्या कपारीत निजतो
ते अचूक दाखवतो.
ढोकरीला त्याने नाव ठेवलंय सुपरवायझर:
मान आत ओढून तासभर उभी,
आणि कुणी हललं की चोच.

सप्टेंबरअखेर सहामाही स्टॉक मोजायला
चोरडिया आले. किडकिडीत, खिशाला तीन पेनं.
चलानांचा गठ्ठा चाळता चाळता थांबले.
"टिबुकली, सात नग. हा कुठला माल?
बिलात नाही, गोदामात नाही."
मागे आहे, मी म्हटलं.
"दाखवा."

काय सांगू, ते खरंच वाकले त्या भोकातून.
बाही घाणेरीत अडकली,
त्यांनी ती सोडवली
एखादी नोंद खोडावी तशी, सावकाश.

पाण्यावर चार होत्या.
"सात लिहिलंय."
तीन खाली आहेत.
"किती वेळ?"
ते त्यांच्यावर.
तेवढ्यात चारातल्या दोघींनी बुडी मारली.
"आता दोन," चोरडिया म्हणाले,
पण आवाज उतरला होता,
देवळात बोलतात तितका.

प्रेसचा ठोका इथवर येतो,
कानाला नाही, तळपायाला.
हायवेवर एक ट्रेलर बराच वेळ ओरडला.
यंदाचा पहिला परीट राडारोड्यावर उतरला,
शेपटी वरखाली, वरखाली,
मी बोलले नाही. ते मोजत होते.

जिथे बुडाली तिथे टिबुकली कधी वर येत नाही.
एक आली लव्हाळ्यापाशी.
एक आमच्या इतक्या जवळ
की तिने आम्हाला पाहिलं आणि पुन्हा गेली.
पाच. सहा. ती परत आली. सात.
"आठ," चोरडिया म्हणाले.
नाही हो, सातच.
"तिच्या पाठीवर बघा."

पंखांच्या घडीतून
चिंचोक्याएवढं डोकं, पट्टेरी,
अजून जगाबद्दल काही मत नसलेलं.

"हे धरायचं का?"
मी म्हटलं, स्वतःच्या पायांनी पाण्यात उतरलं नाहीये अजून.
ते विचारात पडले. खरोखर पडले.
मग हिरव्या पेनाचं टोपण काढून
माझ्या सातवर काट मारली,
आठ लिहिले,
खाली: प्रत्यक्ष पाहिले,
आणि बारीकशी सही.

त्या दिवशी मला उशिराचा शेरा लागला.
खरं तर त्यांनाही लागायला हवा होता.

तो कागद मी फाइलला लावला नाही.
परीट, १ नग, एवढं नंतर आठवणीने लिहिलं.
डब्याच्या पिशवीत असतो,
लोणच्याच्या तेलाचा डाग पडलाय त्यावर,
पूर्व कोपऱ्यात.