खालची पापणी

सोमवार. खिचडीची ताटं अजून नळाखाली,
आणि मी निळ्या गोळ्यांची पाकिटं घेऊन
सातवी ‘ब’च्या दारात.
“मॅडम, उपास.” “मॅडम, मळमळतं.”
“मॅडम, काळी होते.” हे शेवटचं
आरजू पठाणनं कानाशी येऊन सांगितलं.

होते, म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.
लोखंडी तव्यातली भाजी नाही का काळी पडत,
तसंच ते, घाबरायचं नाही.
रिकाम्या पोटी नको. वर चहा नको.
लिंबू असेल तर पिळा, नसेल तर आवळा,
पर्वतीच्या पायथ्याशी दहाला चार मिळतात.

दर सोमवारी हेच. आणि दर सोमवारी
खिडकीखाली, मोडक्या बाकांच्या मागे
निळे ठिपके.

आज फळ्यावर काही लिहिलं नाही.
नुसतं म्हटलं, शेजारणीची खालची पापणी
अंगठ्यानं हळूच ओढून बघा.
आधी खिदळल्या. मग एकेक गप्प.
“हिची तर आतून पांढरीच आहे.”
ही म्हणजे प्रणिता ओव्हाळ,
जिच्या आत्या म्हणतात, यंदा उजळली पोरगी.
वसाहतीच्या अगदी वरच्या गल्लीत राहते,
पाण्याची कळशी घेऊन चढताना तीनदा बसते.
तिला वाटायचं, चढच तसा आहे.

आपल्यात म्हणतात, आईनं रक्ताचं पाणी केलं.
कौतुकानं म्हणतात.
ते पाणी कुठं दिसतं, हे मला सांगायचं होतं,
वाक्य घरून जुळवून आणलं होतं,
पण तेवढ्यात आरजू म्हणाली,
“मॅडम, तुमची बघू?”

वाकले.
तिच्या अंगठ्याला हळदीचा वास.
बराच वेळ ती काही बोलली नाही.
मग टेबलावरचा माझा चहा,
अर्धा, साय धरलेला,
उचलून खिडकीत ठेवून आली,
आणि माझ्याच पाकिटातली एक गोळी फोडून
माझ्या तळहातावर.

सदतीस पोरी बघत होत्या.
गिळली,
तेव्हा सगळ्यांचे गळे हलले.

पुढच्या सोमवारी खिडकीखाली जाऊन बघेन.
दोन-चार ठिपके असतीलच,
माहीत आहे.