कोपरापर्यंतचे हातमोजे

नवतपा लागला की मी ड्यूककडे जाते.
इकडे डांबर चपलेला धरून ठेवतं,
कूलरमधली खस वाळून मातकट श्वास सोडते,
आणि तिकडे, पान नऊवर, झिमझिम चालू असते.
हिरवळ ओली, बग्गीची चाकं चिखलात,
आणि लाइट जाईल म्हणून कुणी मेणबत्ती लावत नाही,
उगीच लावतात. शंभर-दोनशे.

गोकुळपेठेत पिठाच्या गिरणीवर निनावेंची लायब्ररी.
ही पुस्तकं सगळ्यात खालच्या फळीवर,
आठवड्याला दहा रुपये, दोन नेली तर पंधरा.
शिक्का मारताना निनावे पुस्तक पालथं घालतात,
उघड्या छातीचा उमराव टेबलाला तोंड लावून पडतो.
मी त्याला जुन्या कॅलेंडरचं कव्हर घालते,
एप्रिल महिना, चौदा तारखेभोवती निळा गोल.

खिडकी नंबर चार, वीजबिल तक्रारी.
"दोन पंखे अन् एक फ्रीज, मॅडम, सात हजार काहून?"
मी मीटर नंबर लिहून घेते.
जेवणाच्या सुट्टीत पौनीकर डोकावतात,
"काय वाचून राहिल्या?"
"खात्याची परीक्षा."
तेव्हा तो नाचघराच्या दारात उभा असतो,
भुवईवर जुना व्रण,
आणि तिचा एक हातमोजा काढायला
त्याला अठरा पानं लागतात.

अठरा पानं!
एक मोत्याचं बटण, मग संभाषण, मग दुसरं बटण.
धनराज वाईट नव्हते, हे मी सगळ्यांना सांगते.
फक्त कशालाच वेळ लावायचे नाहीत,
जेवायला, रागवायला,
जायलासुद्धा नाही लावला.

तिथंही जात आहेच, मला कळत नाही असं नाही.
दारावरचा नोकर आधी घराणं पुकारतो, मग नाव.
मेहुण्या, मावश्या, पंखे हलवत हिशेब मांडतात,
कोण कुणाच्या घरची, किती एकर.
पण पान तीनशे बारावर त्यांचं काही चालत नाही.
आमच्याकडे ते पान अजून छापायचं आहे.
शेवट ठाऊक असतो मग वाचता कशाला, म्हणतात लोक.
म्हणूनच तर, बाप्पा.

माझी भाची रुचिरा इतिहासात एम.ए. करते.
तिनं कव्हर काढलं, हसली, मग साल बघितलं.
"मावशी, अठराशे सतरा.
हे नाचत होते तेव्हा आपल्या सीताबर्डीवर तोफा चालू होत्या."
टेकडी तर मी रोज बघते,
ऑफिसला जाताना उजव्या हाताला.
"आपले लोक कुठल्या बाजूला होते?"
"दोन्ही," ती म्हणाली, "ओझी वाहायला."

मी पान बावीस पुन्हा काढलं.
व्रणाबद्दल एकच ओळ: हिंदुस्थानातून घेऊन आला.
झालं, पुढे लगेच चहा येतो.
कुणी दिला असेल तो व्रण, कुठल्या उतारावर,
पुस्तकात त्याला नाव नाही.
मला जरा बरंच वाटलं.
रुचिराला नाही सांगितलं. पुस्तकही बंद केलं नाही.

साडेपाचला गाडी काढते.
डोक्याला, तोंडाला ओढणी, नुसते डोळे उघडे,
हाताला पांढरे मोजे कोपरापर्यंत,
बर्डीवरच्या गाडीवरचे, साठ रुपये जोडी.
व्हरायटी चौकात सिग्नल लाल.
आजूबाजूला बघते तर
पंधरा-वीस बाया, सगळ्या तशाच,
पांढरे हात हँडलवर, मुखवटे बांधलेले, काजळ तेवढं दिसतं,
कुणीतरी पुकारायची वाट बघत असल्यासारख्या.
एकीनं माझ्याकडे मान तुकवली.
ओळखीची असेल. नसेलही.
मग हिरवा झाला आणि मागून हॉर्न.

घरी दाराला कडी.
चहाचं आधण ठेवते, दिवा नाही लावत.
मग करंगळीपासून सुरू करते, एकेक बोट सैल करत.
अठरा पानं नाही जमत,
पण चहा उतू जाईपर्यंत लावते.
कोपराखाली गोरी, वर काळी,
मधे ती रेघ,
तिच्यावरून अंगठा फिरवते आणि
मंगळवारी पुस्तक परत करायचंय हे आठवतं.