येथील

कोशासाठी शब्द वाटले तेव्हा
कुणाला काळीज मिळालं, कुणाला पाणी.
माझ्या वाट्याला 'येथील'.

बोलताना कुणी वापरत नाही तो.
घरी आम्ही हितला म्हणतो,
हितली भाजी, हितलं वारं,
हितलीच की ती, कडोलकरांची.
येथील फक्त छापून यायचा
इस्त्रीची टोपी घालून,
बातमीच्या पहिल्या ओळीत.

खडेबाजारातल्या वाचनालयात
साप्ताहिकाचे बांधीव अंक, एक्कावन्नपासूनचे.
वाळवीनं वाचलेला मजकूर सोडून
मी कार्डं भरते: वाक्य, तारीख, पान.

येथील नळांस तीन दिवस पाणी नाही.
येथील एका इसमास पिसाळलेले कुत्रे चावले.
येथील कु. इंदुमती बिजगर्णीकर
इंटरला संस्कृतात पहिल्या.
येथील लोणी यंदा महाग.

मग लोंढा येथील स्टेशनवर बेवारस ट्रंक.
संपादक बेळगावात, ट्रंक लोंढ्याला,
तरी येथील!
गावाच्या नावामागं हा उभा राहिला
की लांबचंही हाताशी येतं.
हे मी 'अर्थ दोन' म्हणून टिपलं.

नावाच्या पट्टीखालचं राज्य बदललं.
मुंबई गेलं, म्हैसूर आलं, पुढं कर्नाटक,
त्याच टायपात, त्याच जागी.
खालचा येथील हलला नाही.
फक्त छप्पनच्या डिसेंबरात
मुंबईच्या कुठल्याशा पत्रातून उतरवून घेतलेली ओळ:
तेथील मराठी जनतेच्या भावना तीव्र आहेत.

तेथील म्हणजे आम्ही.
मी पुन्हा वाचलं.
हे कार्ड कुठल्या खणात टाकू?

कंपोझिटर मोनाप्पा तुरमुरीकर नव्वदीला टेकलेत.
म्हणाले, थ पुरायचा नाही बघ बाई.
दर बातमीला येथील, येथील,
बुधवारी रात्री थाचा खण मोकळा.
मग असेल तो खिळा उलटा लावायचो.
त्याच्या बुडाचा काळा ठसा उठायचा, वाचणारे समजून घ्यायचे.
शेजारच्या केसवर कन्नडचा शिवलिंगप्पा.
तो म्हणायचा, तुमचं बरं आहे.
आमच्यात इल्ली म्हणजे हितं, इल्ला म्हणजे नाही.
एक खिळा चुकला
की आख्खी गल्ली नाही होतीया.
मोनाप्पा अजून हसतात त्याला,
खोकला येईपर्यंत.

आज एकोणसाठचा ऑगस्ट. पान चार, खालचा कोपरा.
ये, मग काळा ठसा, मग ल.
येथील कपिलेश्वर तळ्यापाशी सायकल सापडली आहे.
मालकाने खूण पटवून न्यावी.

ठसा कार्डावर कसा उतरवायचा
ते कोशाच्या सूचनांत नाही.
मी पेन टेकवलं, आणि उचललंच नाही,
शाई पसरू दिली.

सायकल कुणी नेली
ते पुढच्या अंकात नाही.