किती आवाज ठेवायचा

जुना सायलेन्सर काढला तेव्हा
याकूब बुरोंडकरने तो उजेडापुढे धरला.
त्यातून समोरचा किल्ला दिसला,
तुकड्या-तुकड्यांनी.
"घावन झालंय याचं," म्हणाला.
अंगठ्याने दाबलं, तर घावनाहूनही सहज मोडला.

एकोणीस वर्षं खारा वारा
याच एका डब्यात जेवायला बसत होता.
गाडी हिरवी, दोन माणसांची, बिनछपराची ट्रायम्फ,
कस्टमच्या लिलावात घेतलेली.
तेव्हा मी बर्फाच्या कारखान्यात होतो.
सात महिन्यांचा पगार,
वर कुमुदच्या पाटल्यांतली एक.
(दुसरी अजून तिच्या हातात आहे.
एकटी असल्यामुळे वाजत नाही.)

आता याकूबच्या बाकावर तीन.

पहिला पुण्याहून आलेला, स्टेनलेस, दाढी करावी इतका लख्ख.
आत सरळ नळी, भोवती काचेची लोकर.
बसवला, नुसती चावी फिरवली
आणि हर्णैच्या बंदरावर लिलाव थांबला.
पापलेटची पाटी हातात तशीच धरून
हिराबाई चोगलेने माझ्याकडे पाहिलं,
खिशात पैसे नसताना बोली लावणाऱ्याकडे पाहतात तसं.
मला आवडला. खोटं कशाला सांगू.
कॉम्प्रेसरने डावा कान नेला माझा
सत्तेचाळिसाव्या वर्षी, उजवा निम्मा.
या आवाजाला कान लागतच नव्हता,
बरगड्या पुरत होत्या.

दुसरा जुन्या पद्धतीचा, जड, आत तीन खोल्या.
धूर एकीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत
चपला काढून हिंडतो
आणि सभ्य होऊन बाहेर पडतो.
कोल्हापूरच्या दुकानदाराने दोन वर्षांची हमी दिलेली.
"कोल्हापूरला समुद्र आहे काय?" याकूब म्हणाला.
बसवला.
बॉनेटवर तळवा ठेवून बघावं लागलं
इंजिन चालू आहे की नाही ते.

तिसरा त्याने स्वतः घडवलेला,
मोडीत काढलेल्या ट्रॉलरच्या नळीतून.
वेल्डिंगची शिवण बाहेरून दिसते,
पडून फुटलेल्या हनुवटीवरच्या टाक्यांसारखी.
"मागे थोडा दाब हवा," तो म्हणाला,
"पार मोकळं सोडलं तर चढाला दम जातो."
पुढे माणसांबद्दल काहीतरी बोलणार होता.
मी बारा नंबरचा पाना मागितला.

रात्री कुमुदला विचारलं. ती सुकट निवडत होती.
"तुम्ही सड्यावरून उताराला लागलात
की मला कळायला हवं. मी तवा ठेवते.
पण अख्ख्या पाजपंढरीला कळायचं कारण नाही."
एवढं बोलून पुन्हा सुकट.

मग तीन संध्याकाळी तीनदा उतरलो.
पहिल्याला ती वैतागून अंगणात, कानांवर पदर,
कुंपणावर सात-आठ पोरं,
आणि कोणाचं तरी रेडकू दावं तोडून पळालेलं.
दुसऱ्याला मी थेट तिच्या पाठीशी जाऊन उभा राहिलो,
तिच्या हातातली परात पडली.
(ती पडल्याचं मला ऐकू आलं. आनंद झाला.)
तिसऱ्याला जांभ्याच्या गडग्याजवळ
तिसरा गियर टाकला, पाय उचलला.
नळीने काय केलं, मला नीट सांगता येणार नाही.
याकूब म्हणतो, खाकरली,
ओटीवर येताना वडील माणूस खाकरतो तशी.
मला एवढंच दिसलं की
खाली स्वयंपाकघरातला दिवा लागला.

याकूबने अठराशे घेतले
आणि जेवायला थांबला.
"सहा वर्षं," काटा काढत म्हणाला, "पुढे घावन."

पुण्याचा मी परत पाठवलेला नाही.
गोणपाटात गुंडाळून पलंगाखाली आहे.
कुमुदला माहीत आहे.
झाडताना ती तो उचलते, केर काढते,
आणि पुन्हा तिथेच ठेवते.