खळं

चंद्राला पडतं तसं खळं
औषधाच्या चकतीभोवती पडायला हवं.
रात्रभर उबेत ठेवलेल्या काचेच्या बशीत
स्वच्छ, गोल, रिकामं.
मी पट्टी लावते, मिलिमीटर लिहिते.
अठरा वर्षं हेच काम.

द्रौपदी भुवडचा पाय आला
(म्हणजे पायातला पू, कापसाच्या काडीवर)
तेव्हा सहा चकत्यांत एकीलाही खळं नव्हतं.
जंतू थेट चकतीला टेकून उगवलेले,
बांधाला टेकून लाल माठ येतो
तसे दाट.

तिचा माठ मीच घेते, आठवड्याला दोन जुड्या.
मळा वहाळाच्या काठाला,
आमच्या इस्पितळाच्या खालच्या अंगाला.
हा वहाळ पूर्वी शिमग्याआधीच आटायचा,
पोरं त्याच्या खडकांवर गोट्या खेळायची.
आता बारमाही.
वास येतो, पण पाणी आहे, ती म्हणते.
भात कापलं की वाफे, मुळा, माठ, वाली.
पंपाचा पाइप गटाराच्या तोंडाशी.
खुरपं लागलं ते त्याच चिखलात.

मी एक जुडी मुळांसकट मागितली.
मुळं झटकली, माती नळीत घेतली.
कुणी सांगितलं नव्हतं.
रुग्णाचं नाव: माती. वय: कोरं सोडलं.

सकाळी झाकण उचललं.
सहा चकत्या. अमावस्या.

सासरे गेले तेव्हा उरलेल्या गोळ्या
मी एकेक दाबून काढल्या पाकिटातून
आणि मोरीत सोडल्या,
कुणा पोराच्या हाती लागू नयेत म्हणून.
वर दोन तांबे पाणीही ओतलं.

ड्रेसिंगला आली तेव्हा खिडकीशी थांबली.
"काय गो बाय, गावलं काय मातीत?"
सांगितलं, जमेल तितकं.
"मग चैतात भाजावळ करीन. चांगली जाड.
शेण, टाळ, पातेरा. आजवर सगळा जळलाय त्यात."
जळेल, म्हटलं. वरची दोन बोटं.
आणि मग पाणी कुठलं घालशील?

आत बेसिनचा नळ मीच उघडा ठेवला होता.
दोघी ऐकत राहिलो.

जाताना तिने पिशवीतून
दोन जुड्या काढून टेबलावर ठेवल्या,
मुळं आधीच छाटलेल्या.